ट्रिपचे पैसे मागायला लाजता? मग उद्या धंदा कसा कराल?



आपल्या चॅनलवर आपण उधारी, मार्जिन, जीएसटी, गिऱ्हाईक अशा विषयांवर बोलतो. आज विषय जरा वेगळा आहे. परदेशात शिकणारी आपली मुलं शनिवार-रविवारी ग्रुपनं फिरायला जातात, त्या ट्रिपबद्दल बोलायचंय. तुम्ही म्हणाल, सर, आमच्या दुकानाचा आणि त्या ट्रिपचा काय संबंध? वाचत राहा, संबंध कळेल. आणि तुमचा मुलगा किंवा मुलगी बाहेर शिकत असेल तर त्यांनाही हे पाठवा.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे गोल गोल फिरायला नको. ग्रुपच्या वतीनं जो स्वतःच्या खिशातून आधी पैसे भरतो, त्यानं ते पैसे गाडी सुटायच्या आधी मागून घेतले पाहिजेत. लेखी मागितले पाहिजेत. आणि असं मागणाऱ्याला जो ग्रुप 'कंजूष' म्हणतो, तो ग्रुप त्याच्याच पैशावर फिरतोय. ही सवय बाविसाव्या वर्षी लागली नाही, तर बत्तिसाव्या वर्षी गल्ल्यावर बसून लावणं फार महाग पडतं.

जर्मनीचंच उदाहरण का?

कारण तिथं आपली मुलं खूप आहेत. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत ४९ हजारांहून जास्त भारतीय विद्यार्थी शिकत होते. परदेशी विद्यार्थ्यांत सगळ्यात मोठा गट आपलाच. पुण्यात तर मॅक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे, जर्मन शिकून तिकडे जाणं ही आपल्याकडे नवी गोष्ट राहिली नाही.

आता या मुलाच्या खिशात किती पैसे असतात ते बघा. व्हिसासाठी एक खातं उघडावं लागतं, त्याला तिकडे 'श्पेरकोंटो' म्हणतात. म्हणजे कुलूप लावलेलं खातं. सप्टेंबर २०२४ पासून त्यात वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरून दाखवावे लागतात. मुलगा तिकडे पोचला की त्यातून महिन्याला ९९२ युरो सुटतात. त्यापेक्षा जास्त काढता येत नाहीत. त्यातच भाडं, विमा, जेवण, फोन. म्युनिकसारख्या शहरात खोलीचं भाडंच यातला मोठा घास घेतं.

काम करून कमावता येतं, पण त्यालाही मर्यादा आहे. मार्च २०२४ पासूनचा नियम असा की वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस. आणि ते ११,९०४ युरो कुठून आले? कुणाच्या वडिलांनी एफडी मोडली, कुणी घर तारण ठेवून एज्युकेशन लोन काढलं. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर हे बारा लाख होतात. तेव्हा त्या मुलाच्या हातातला प्रत्येक युरो हा इथल्या कुणाच्या तरी घामाचा आहे, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

'फुकट' ट्रिप

जर्मनीत मे २०२३ मध्ये एक भारी गोष्ट सुरू झाली, डॉइचलांड-टिकेट. महिन्याचा एक पास, आणि देशभरच्या लोकल, बस, ट्राम, मेट्रो आणि कमी अंतराच्या रेल्वे सगळ्या त्यात. आपल्या भाषेत सांगायचं तर पॅसेंजर गाडीचा देशभराचा पास. सुरुवातीला ४९ युरो होता, जानेवारी २०२५ पासून ५८ झाला, जानेवारी २०२६ पासून ६३. बऱ्याच विद्यापीठांत हाच पास सेमिस्टर तिकीट म्हणून आणखी स्वस्तात मिळतो. आयसीई, आयसी अशा जलद गाड्यांत तो चालत नाही. चुकून त्यात बसलात आणि तिकीट तपासनीस आला तर ६० युरोपासून पुढे दंडाची तयारी ठेवा.

पास खिशात असला की पोरांना वाटतं, ट्रिप फुकट आहे. शुक्रवारी रात्री व्हॉट्सअॅपवर मेसेज येतो, "चला रे, उद्या कुठंतरी जाऊ." सगळे अंगठा दाखवतात. आणि मग एकाच माणसाच्या डोक्यावर सगळं येतं.

समजा, साताऱ्याची एक मुलगी म्युनिकमध्ये मास्टर्स करतेय. सहा जणांचा ग्रुप. ठरलं, फ्युसनला जायचं, नॉयश्वानस्टाइनचा राजवाडा बघायचा, एक रात्र राहायचं आणि रविवारी परत. म्युनिकहून फ्युसन साधारण दोन तास. गाडी पासवर, म्हणजे शून्य खर्च. पण राजवाड्याचं तिकीट ठरावीक वेळेचं असतं. ती वेळ चुकली की तिकीट वाया. त्यामुळे ते आधी काढावं लागतं. राहायची खोली आधी बुक करावी लागते, आणि स्वस्तातली खोली घेतली तर बहुतेक वेळा पैसे परत मिळत नाहीत. रविवारी जर्मनीत दुकानं बंद, त्यामुळे खाण्याचं सामान शनिवारीच भरून ठेवावं लागतं.

हे सगळं कोण करतं? तीच साताऱ्याची मुलगी. कारण तिला जमतं, आणि बाकीचे म्हणतात, "तूच कर गं, तू मस्त करतेस."

आता पाटी-पेन्सिल घ्या

आकडे मी धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला. दोन खोल्या मिळून २४० युरो. राजवाड्याची सहा तिकिटं, बुकिंगच्या शुल्कासकट, १५० युरो. खाणंपिणं १५० युरो. एकूण ५४०. माणशी ९०.

मंगळवारी तिनं कार्डावरून ३९० युरो भरले, खोल्यांचे आणि तिकिटांचे. शनिवारी सकाळी सामानाचे १५०. म्हणजे ९९२ मधले ५४० गेले. तिचा स्वतःचा वाटा फक्त ९० आहे. उरलेले ४५० युरो तिनं पाच मित्रांना उधार दिलेत, बिनव्याजी, बिनमुदतीचे, आणि कुणी मागितलेलेही नसताना. दुकानदार मंडळी, ही गोष्ट ओळखीची वाटतेय ना?

त्यात शुक्रवारी रात्री एकाचा मेसेज येतो, "सॉरी यार, असाइनमेंट आहे, मी नाही येत." आता त्याचे ९० कुणी द्यायचे?

इथं बहुतेक ग्रुप एक चूक करतात. म्हणतात, जाऊ दे, तो आलाच नाही, त्याच्याकडून काय घ्यायचं. पण खर्चाचे दोन प्रकार असतात, हे आपण चॅनलवर कित्येकदा बघितलंय. एक स्थिर खर्च, माणसं कमी आली तरी बदलत नाही. दुसरा बदलता खर्च, माणसागणिक वाढतो-घटतो. खोलीचा वाटा ४० युरो आणि तिकिटाचे २५, हे ६५ युरो त्याच्यासाठी आधीच खर्च झालेत. तो आला काय, नाही आला काय. जेवणाचे २५ मात्र वाचले. तेव्हा न येणाऱ्यानं ६५ द्यायचे, २५ द्यायचे नाहीत. यात राग नाही, शिक्षा नाही. हॉल बुक केल्यावर लग्न पुढे ढकललं तर हॉलवाला अॅडव्हान्स परत देतो का? नाही ना. मग मित्राचा अॅडव्हान्स बुडवायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

हे ६५ युरो त्यानं दिले नाहीत तर दोनच शक्यता आहेत. एक तर उरलेले पाच जण वाटून घेतात, माणशी १३ जास्तीचे. किंवा ती मुलगी गुपचूप स्वतः सोसते. मंडळी, बहुतेक वेळा दुसरंच होतं. ६५ युरो म्हणजे साडेसहा हजार रुपये. साताऱ्यात तिचे वडील साडेसहा हजार रुपये निव्वळ नफा सुटायला किती माल विकतात, ते त्यांनाच विचारा.

भीड ही भिकेची बहीण

आपल्याकडे जुनी म्हण आहे, भीड ही भिकेची बहीण. जो भिडेला पडतो त्याच्यावर हात पसरायची वेळ येते. ही म्हण ज्यानं कुणी केली त्यानं नक्की दुकान चालवलं असणार.

आपल्या घरात पैशाचं बोलणं वाईट समजतात. पाहुण्यानं बिल द्यायला हात पुढे केला की आपण जवळजवळ भांडतो, "छे छे, मी देणार, तुम्ही खिशात हात घालायचा नाही." हे प्रेम आहे, मला मान्य आहे. हॉटेलात एका वेळेला ते शोभतं. पण हीच सवय घेऊन मुलगा म्युनिकला जातो आणि दर महिन्याला दोन ट्रिपा करतो, तेव्हा ते प्रेम राहत नाही. मनात हिशोब चालूच असतो, फक्त तोंडातून निघत नाही. तोंडातून न निघालेला हिशोब चेहऱ्यावर दिसतो. मग "तिचा आजकाल मूड नसतो" असं सुरू होतं, आणि तिसऱ्या महिन्यात ग्रुप फुटतो. परक्या देशात, डिसेंबरच्या थंडीत, चार वाजता अंधार पडतो तिथं, ग्रुप फुटणं म्हणजे काय असतं हे त्या मुलांना विचारा. आजारी पडल्यावर सूप कोण आणून देणार? भाड्याच्या खोलीचा करार करताना सोबत कोण येणार? चारशे-पाचशे युरोच्या अबोल्यापायी माणसं तुटतात, याचं मला जास्त वाईट वाटतं.

जर्मनीत हॉटेलात जेवल्यावर वेटर बिल आणताना एक प्रश्न विचारतो, "त्सुझामेन ओडर गेट्रेन्ट?" म्हणजे एकत्र की वेगवेगळं? वेगवेगळं म्हटलं तर तो प्रत्येकाजवळ येऊन, कुणी काय खाल्लं ते विचारून, ज्याचे त्याचे पैसे घेतो. जोडपी असोत, ऑफिसातले मित्र असोत, कुणालाही यात अपमान वाटत नाही. आपल्या कॉलेजच्या भाषेत याला टीटीएमएम म्हणतात, तुझं तू माझं मी. शब्द आपण केला, कट्ट्यावर चहाला वापरलाही. मोठी रक्कम आली की मात्र आपण तो विसरतो.

मग करायचं काय?

मी पाच नियम सांगतो. सगळे साधे आहेत, कागद-पेनानेही होतील.

पहिला नियम, आधी पैसे, मग बुकिंग. ट्रिप ठरली की अंदाजे आकडा ग्रुपवर टाका: माणशी ९० युरो, त्यातले ६५ बुधवारपर्यंत. ज्याचे ६५ आले त्याची जागा पक्की. न आलेल्यासाठी खोली धरायची नाही. तुम्ही गिऱ्हाइकाच्या ऑर्डरवर टोकन घेता ना, तसंच. "बँकेतून जायला वेळ लागतो" ही सबब आता चालत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून युरोवाल्या देशांत बँकांना दहा सेकंदांत पैसे पोचवायची सोय द्यावीच लागते, आणि त्यासाठी साध्या ट्रान्सफरपेक्षा जास्त शुल्क लावता येत नाही. आपल्या यूपीआयसारखंच समजा.

दुसरा नियम, रद्द केलं तर काय, हे आधी लिहा. एक ओळ पुरे: "न आल्यास खोली आणि तिकिटाचे पैसे परत नाहीत, जेवणाचे परत. बदली माणूस आणला तर सगळे परत." या शेवटच्या वाक्यानं किती भांडणं वाचतात ते करून बघा. न येणारा स्वतःच बदली शोधायला लागतो.

तिसरा नियम, सगळा खर्च एका पिशवीत घालू नका. कुणी बिअर घेतं, कुणी घेत नाही. कुणी शाकाहारी, कुणाला सॉसेज हवंच. राहणं आणि तिकीट सगळ्यांचं समान, पिण्याचा हिशोब वेगळा. पाणी पिणाऱ्यानं दुसऱ्याच्या बिअरचे पैसे का द्यावेत? आणि हो, बाटल्यांचा 'फांट' विसरू नका. जर्मनीत प्लास्टिकच्या बहुतेक बाटल्यांवर २५ सेंट अनामत असते, रिकामी बाटली मशीनमध्ये परत दिली की मिळते. सहा जणांच्या वीस बाटल्या म्हणजे ५ युरो. ते कुणा एकाच्या खिशात जाऊ नयेत, ग्रुपच्या खात्यात जावेत. पाच युरोसाठी एवढं काय, असं वाटेल. पण पाच युरोचा हिशोब ज्याला ठेवता येतो त्याच्याकडेच पाचशेचा देता येतो.

चौथा नियम, हिशोब त्याच रात्री. रविवारी परतीच्या गाडीत दोन तास सगळे मोबाइलच बघत बसतात. तेव्हाच स्प्लिटवाइजसारख्या अॅपमध्ये किंवा साध्या शीटमध्ये आकडे भरा, पावत्यांचे फोटो टाका आणि म्युनिक यायच्या आत देणं-घेणं मिटवा. सोमवार उजाडला की माणसाची आठवण पुसट होते आणि उत्साहही. उधारीचं पोतं सव्वा हात रितं, असं आपले आजोबा उगाच म्हणत नव्हते.

पाचवा नियम, ट्रिपचं काम फिरतं ठेवा. आपल्या भिशीत कसं, दर महिन्याला नंबर दुसऱ्याचा. तसंच या वेळी हिनं केलं, पुढच्या वेळी त्यानं. ज्यानं एकदा सहा जणांचं बुकिंग केलंय तो पुढच्या वेळी शुक्रवारी रात्री "सॉरी यार" म्हणत नाही.

वेळेचं काय?

या पाचव्या नियमावर जरा थांबू. त्या मुलीनं खोल्या शोधल्या, गाड्यांच्या वेळा जुळवल्या, राजवाड्याची वेळ धरली, सामानाची यादी केली. धरा, चार तास गेले. जर्मनीत २०२५ मध्ये किमान वेतन ताशी १२ युरो ८२ सेंट होतं. चार तासांचे झाले ५१ युरो २८ सेंट. हे चार तास ती कॅफेत काम करत असती तर तिला तेवढे मिळाले असते. मित्रांना तिनं ते फुकट दिले, आणि वर तिचंच ऐकून घ्यावं लागतं, "खोली जरा लांबच घेतलीस गं."

याचा अर्थ तिनं मित्रांकडून पगार घ्यावा का? नाही. आणि इथं एक कायद्याची गोष्ट नीट समजून घ्या, कारण काही हुशार मुलं लगेच म्हणतील, "चला, माणशी दहा युरो वर लावू, साइड बिझनेस!" थांबा. विद्यार्थी म्हणून जर्मनीत राहताना स्वतःचा व्यवसाय करायचा तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची परवानगी लागते. शिवाय युरोपात पॅकेज प्रवास विकणाऱ्यांसाठी २०१५ चा नियम आहे. प्रवास आणि मुक्काम एकत्र करून विकला की ग्राहकाचे पैसे सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. अधूनमधून, नफा न घेता, ठरावीक ओळखीच्या गटासाठी केलेली ट्रिप यातून वगळली आहे. तेव्हा खर्च भरून घ्या, नफा लावू नका. धंदा करायचा असेल तर शिक्षण संपवून, परवानगी काढून, रीतसर करा. मी स्वतः टाळ्या वाजवीन.

पण नफा न घेता वेळेचा मान ठेवता येतो. ट्रिप ठरवणाऱ्याचं रात्रीचं जेवण बाकीच्यांनी मिळून द्यायचं. स्वयंपाक आणि भांडी त्याच्याकडे नाहीत. खोलीतला चांगला पलंग त्याचा. आणि ट्रिपमध्ये तक्रार करायची असेल तर पुढचं बुकिंग तक्रार करणाऱ्याकडे. एवढं ठरवलं की लोक आपोआप गोड बोलायला लागतात.

"पण सर, मैत्रीत व्यवहार?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत आहे. आणि यामागे एक खरी अडचण आहे, ती मी टाळणार नाही. ग्रुपमध्ये एक जण असा असतो ज्याच्याकडे खरंच पैसे नसतात. त्याचं काम सुटलेलं असतं, किंवा घरून येणारे पैसे या महिन्यात आलेले नसतात. तो 'नाही' म्हणायला लाजतो म्हणून 'हो' म्हणतो, आणि मग पैसे द्यायची वेळ आली की मेसेज बघत नाही. आपण म्हणतो, बुडवला. पण तो बुडवा नसतो. त्यालाही भीडच नडलेली असते, फक्त दुसऱ्या बाजूनं.

म्हणून आकडा आधी सांगणं हे मागणाऱ्यापेक्षा याच्या जास्त सोयीचं आहे. ९० युरो आहेत हे मंगळवारी कळलं तर तो म्हणू शकतो, "मला एवढे नाही जमणार, मी शनिवारी सकाळी येऊन संध्याकाळी परत जातो." पास आहेच. त्याचा खर्च तिकिटाचे २५ आणि डब्यातल्या पराठ्यांवर भागतो. किंवा ग्रुपच म्हणतो, चला, मुक्काम नको, सगळेच एका दिवसात येऊ. राजवाडा आतून बघायची कुणाला सक्ती आहे? वर पुलावरून तो फुकट दिसतो, आणि फोटोही तिथूनच चांगला येतो, कारण आत फोटो काढायला बंदीच आहे. ज्याच्याकडे सगळ्यात कमी पैसे आहेत त्याला परवडेल अशी ट्रिप आखणं ही मैत्री. आकडा लपवून, नंतर त्याच्या मागे तगादा लावून, शेवटी त्याला ग्रुपमधून काढणं ही मैत्री नव्हे.

आणि कुणाला मदत करायची असेल तर जरूर करा. पण सांगून करा: "या वेळचे तुझे मी भरतो, परत द्यायचे नाहीत." भेट असेल तर भेट म्हणा, उधार असेल तर उधार म्हणा. दोन्हीच्या मधलं जे असतं ना, तेच नातं खातं.

आता राजवाड्याचीच गोष्ट

ज्या राजवाड्यासमोर उभं राहून पोरं सेल्फी काढतात, त्याची कथा धंद्याच्या दृष्टीनं बघण्यासारखी आहे. बव्हेरियाचा राजा लुडविग दुसरा यानं १८६९ मध्ये नॉयश्वानस्टाइनचं बांधकाम सुरू केलं. स्वतःचे पैसे घातले, ते पुरेनात म्हणून कर्ज काढलं, कर्जावर कर्ज काढलं. देणेकऱ्यांचा तगादा लागला तरी हात आखडला नाही. जून १८८६ मध्ये त्याला राज्यावरून दूर केलं आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तो वारला. राजवाडा अर्धवटच राहिला. पुढे काय झालं? ऑगस्ट १८८६ मध्ये, म्हणजे काही आठवड्यांतच, तोच राजवाडा पैसे देऊन येणाऱ्या लोकांसाठी उघडला. राजानं ज्यात स्वतःला बुडवलं, तीच वास्तू तेव्हापासून तिकिटावर कमावतेय. २०२५ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीतही गेली.

वास्तू तीच. ठरावीक वेळ, ठरावीक दर, पैसे आधी, मग प्रवेश, एवढी शिस्त आल्यावर ती जगाला दाखवता आली. तुमच्या ट्रिपलाही यापेक्षा वेगळं काही लागत नाही.

हे इथं, महाराष्ट्रात, कशाला सांगतोय?

कारण परत आल्यावर यातलीच काही मुलं वडिलांच्या धंद्यात बसतील, काही स्वतःचं काहीतरी सुरू करतील. मला रोज भेटणाऱ्या लहान उद्योजकांचं सगळ्यात मोठं दुखणं माल खपत नाही हे नाही. माल खपतो, पैसे येत नाहीत. आणि पैसे का येत नाहीत तर मागितलेच नाहीत. "मोठी पार्टी आहे, वाईट वाटेल." "जुने संबंध आहेत."

आपल्याकडे कायदा आहे बरं का. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेतली तर करारात काहीही लिहिलं तरी पैसे द्यायची मुदत ४५ दिवसांपलीकडे जात नाही. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. आयकरातही २०२३-२४ च्या हिशोबापासून ४३बी (एच) हे कलम आलं, मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा मिळेना. एवढी शस्त्रं हातात असून आपला माणूस फोन उचलून "साहेब, बिलाचं काय झालं?" एवढं विचारायला कचरतो. कायदा मागणाऱ्याच्या बाजूनं उभा राहतो, पण मागायचं तोंड आपलंच उघडावं लागतं. ते तोंड उघडायचा सराव सहा मित्रांच्या ट्रिपमध्ये, ६५ युरोवर झाला तर किती स्वस्तात शिकलं म्हणायचं!

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. मुलानं फ्युसनचा फोटो पाठवला की लगेच "आम्ही इकडे हप्ते भरतोय आणि तुम्ही फिरताय" असं म्हणू नका. परक्या देशात आठवडाभर अभ्यास, काम, स्वयंपाक करून दोन दिवस फिरावंसं वाटलं तर ती उधळपट्टी नाही. त्याऐवजी एवढंच विचारा, "हिशोब झाला का? तुझे सगळे आले का? तू सगळ्यांचे दिलेस का?" हा प्रश्न दर ट्रिपला विचारा. मुलाला कळेल की घरात पैशाबद्दल बोलता येतं, त्यात लाजण्यासारखं काही नसतं.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी आजचा गृहपाठ. मोबाइल काढा, मागच्या ट्रिपचा ग्रुप उघडा. तुमचे कुणाकडे राहिलेत ते एका ओळीत, आकड्यासकट, नीट शब्दांत मागा. "तुझे ६५ राहिलेत, शुक्रवारपर्यंत पाठवशील का?" बस, एवढंच. हसणारी चिन्हं नकोत, "सॉरी हं, विचारतेय म्हणून" नको. आणि तुम्ही कुणाचे देणं लागत असाल तर त्यानं विचारायच्या आत पाठवून द्या. दहा सेकंद लागतात.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोवर हिशोब चोख ठेवा, आणि मस्त फिरा!